विटा पुरल्या न्हाईत

लातूर,
ता. ५ एप्रिल १९८३

उमाअक्का,

शरणार्थ. पत्राच्या वरती काय काय ल्ह्यायचं असतं ते बाईंनी सातवीत शिकवलतं, पर मी तवा खिडकीतून भाईर बघत होते. म्हनून तूच समजून घे की मी तुझ्या पाया पडले, दाजींच्याबी पडले, आन् भुजंगचा गालगुच्चा घेतला. आमी सगळे हितं बरे हावोत. म्हंजे तसं ल्ह्यायचं असतं.

पान्याचं विचारू नको. नळ कवा येतो ते नळालाबी मालूम न्हाई. टँकर आला की गल्लीत लढाई. परवा मी कोपऱ्यावर उभी राहून "आला, आला!" म्हनून वरडले. सगळ्या बाया घागरी घेऊन पळत सुटल्या, आन् आला होता कोन, तर सिद्धलिंगकाका, खांद्यावर सायकलचा पंप घेऊन. त्यांना वाटलं आपल्याच स्वागताला आल्यात. अव्वानं मला लाटन्यानं हानलं. पर ती बी हसत होती, पदर तोंडात घालून.

जिल्हा होऊन वरीसबी झालं न्हाई, पर लातूरचा रुबाब बघायला ये. ज्याच्या घरात एक खोली जास्ती, त्याच्या घरात एक हापिस. पल्याडच्या गल्लीत एक साहेब बसतो, त्याच्या टेबलाच्या पायाला घरमालकाची शेळी बांधलेली असती. लोकं अर्ज घेऊन जातेत, शेळी पयला वाचती.

आपल्या पुढच्या खोलीत ते पुन्याकडचे बाबू राहत होते ना, त्यांची बदली झाली. त्यांच्या पोरानं टाकून दिलेला प्लास्टिकच्या विटांचा डबा तुला याद असंल. एकात एक बसनाऱ्या, लाल, पिवळ्या, हिरव्या. संक्रांतीला आलीस तवा निम्म्या विटा तू भुजंगसाठी देगलूरला नेल्यास. अक्का, त्या विटा मला माघारी पाठव. लगेच पाठव. यष्टीच्या कंडक्टरजवळ दे, मी स्टँडवर जाऊन घेते. भुजंगला काहीतरी सांग.

कामून ते विचारू नको. खेळायला पाहिजेत. येवढी घोडी झाली तरी हिला खेळायला पाहिजेत, असं म्हन दाजींना.

आन् हाव, थोरल्या अप्पांचं जरा बरं न्हाई. उन्हाचं हाय म्हनतेत. गोलाईजवळची त्यांची विभूतीची दुकान बंद हाय. तुला याद हाय का, त्यांची लक्ष्मम्माकाकू गेली तवा सुतक सरायच्या आधीच त्यांनी कवाड उघडलं होतं, लोकं काहीबी बोलली तरी. ती दुकान बंद हाय. रुद्राक्ष, लिंगाचे शिवदारे, विभूतीच्या गट्ट्या, सगळं आत. चावी त्यांनी धाकट्या भावाच्या, आपल्या अप्पांच्या हातात दिली आन् म्हनले, "शिवमूर्ती, आता तू बघ."

ताप न्हाई, खोकला न्हाई. नव्या दवाखान्याचा डाक्टर येऊन नाडी बघून गेला. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडतेत. जेवन सोडलंय. फकस्त पानी, ते बी अव्वानं तोंडाला लावलं तर. काल अप्पांना जवळ बोलावून म्हनले, "मळ्यात लक्ष्मम्माच्या शेजारची जागा मोकळी कर. ग्यानोबाला खंदायला सांग. जिमीन टनक हाय, येळ लागंल, आतापासूनच लागा."

अप्पा भाईर येऊन रडले, अक्का. तू अप्पांना रडताना कवा बघितलंस?

माझा ह्यात काय संबंध न्हाई. मी फकस्त सांगून राहिले.

विटा पाठव. लवकर.

तुझी,
गंगी


लातूर,
ता. ९ एप्रिल

अक्का,

कंडक्टरनं विटांच्या जागी तुझी चिठ्ठी दिली. "आधी खरं सांग, मग विटा." स्टँडवर उभ्याउभ्या वाचली आन् मग बाकड्यावर बसले. तू मला लहानपनापासून वळखतीस, हीच अडचन हाय.

सांगते. पर एकदम सगळं येत न्हाई, जसं येईल तसं वाच.

बाबूची खोली रिकामी झाली तवा मी दुपारची तिथं जाऊन बसत होते. थंड असती ती खोली. एक दिवस पाटावर आपली गल्लीच केली, पार गोलाईजवळच्या दुकानीपर्यंत. विटा निम्म्या तू नेलेल्या, म्हनून जे हाय त्याच्यातूनच करायचं होतं. सडकेला चुलीतली राख पसरली. सिद्धलिंगकाकाची सायकलची दुकान लाल विटांची, दारात बटनांच्या सायकली. टँकर काड्यापेटीचा, चाकं चिंचोक्याची. आन् घागरींची रांग ज्वारीच्या दान्यांची. पाट संपला तरी रांग संपली न्हाई. तू बघायला पाहिजे होतीस.

मग म्हनलं नवा जिल्हा हाय, तर कलेक्टर हापिस पाहिजेच. दोन मजली केलं, वर झेंडा. त्या हापिसानं माझ्या सगळ्या विटा खाल्ल्या. थोरल्या अप्पांच्या दुकानीवर आले, तर डब्यात एकबी वीट न्हाई.

शहान्या मानसानं हापिसाचा एक मजला उतरवला असता. मला मोडवंना. येवढं सुरेख झालं होतं. मग मी थोरल्या अप्पांच्या टोपलीतल्या विभूतीच्या गट्ट्या आनल्या. पांढऱ्या, चौकोनी. वीट म्हनायला काय हरकत हाय? तीन बाजूंनी रचल्या, पुढून मोकळं सोडलं. आत मातीचा बाहुला बसवला, मांडी घालून, जसे ते गादीवर बसतेत तसा. डोक्याला पांढरा दोरा गुंडाळला, रुमाल म्हनून. हुबेहूब थोरले अप्पा.

आता तू तोंडावर हात ठेवला असशील. मी ठेवला न्हवता, अक्का. मला दिसलंच न्हाई. आपल्यात मानसाला जाळत न्हाईत, मांडी घालून बसवतेत, भवती विभूतीच्या गट्ट्या रचतेत, हे मला मालूम न्हाई का? लक्ष्मम्माकाकूच्या वक्ताला गट्ट्यांची टोपली माझ्याच डोक्यावर होती. तरीबी त्या दिवशी माझ्या डोक्यात फकस्त दुकान होती.

तेवढ्यात ते गट्ट्या हुडकत आले. आवाज निम्म्या गल्लीला ऐकू जायचा तसा. "गंगे! भवाने! माझं टोपलं कुनी हलकं केलं? मागल्या वक्ताला खडू भरून ठेवला होतास, मठातले स्वामी तो कपाळावर घासून घासून थकले. आता काय केलंस, माकडे?"

आले, वाकले, पाट बघितला. टँकर बघून हसले. हापिस बघून म्हनले, "कलेक्टरला लई मोठं दिलंस." मग त्यांची नजर तिकडं गेली.

"ह्यात कोन बसलंय गं?"

"तुमी."

"मी? हितं?"

"हाव."

लई हळू आवाजात म्हनले, "असं रचायला कुनी सांगितलं तुला?"

अक्का, आता मी काय केलं ते ल्हिते. 

त्यांचं तोंड उतरलेलं मला दिसलं. त्या वक्ताला मला कळलं, हे काय दिसून राहिलं त्यांना. तिथंच म्हनायचं होतं, "विटा सरल्या, थोरले अप्पा." चार शब्दांचं काम होतं. पर माझ्या तोंडाला खाज. म्हनलं, आता हे जोडा काढून माझ्या मागं लागतेत, मी पळते, मजा येते. मी तोंड एकदम गरीब केलं आन् त्यांचं नाव घेऊन म्हनले, "सपनात. पांढऱ्या धोतरातला म्हातारा आला. म्हनला, रेवणप्पाची जागा अशी कर."

जोडा आला न्हाई.

"काठी होती का त्याच्या हातात?"

"होती की."

"कंच्या हातात?"

"डाव्या."

मी असंच म्हनले. उजव्या म्हनले असते तर काय बिघडत होतं? थोरल्या अप्पांनी पायातला जोडा काढला. मला हानायला न्हाई. बाजूला ठेवला, आन् पाटासमोर अनवानी उभे राहिले. म्हनले, "माझा बाप डावरा होता." मग दोन्ही हातांनी ती विभूतीची दुकान, बाहुल्यासकट, एक बी गट्टी न हलवता उचलली, कपाळाला लावली आन् आत घेऊन गेले. आता ती त्यांच्या खाटेजवळच्या भिंतीतल्या देवळीत हाय. दिवसभर तिच्याकडं बघतेत.

मी इतकी घाबरले की पाटावरचं बाकी सगळं, विटा, टँकर, कलेक्टर हापिस, उचलून घरामागच्या आडात टाकलं. कोरडा आड. कितीक येळानं खाली टपटप आवाज आला. आता त्या आडात उतरायची माझी हिंमत न्हाई, म्हनून तुझ्याकडच्या विटा मागून राहिले, त्यांची दुकान विटांची करून दाखवायला.

तू म्हनशील, सांगून टाक त्यांना. सांगितलं. परवा सांगितलं. खाटेच्या पायाला डोकं लावून म्हनले, "थोरले अप्पा, सपन पडलंच न्हाई. विटा पुरल्या न्हाईत म्हनून गट्ट्या लावल्या. बाकीचं मी खोटं बोलले."

ते हसले. लई दिवसांनी. माझ्या डोक्यावर हात ठेवला आन् म्हनले, "पोरी, तू जन्मभर खोटं बोललीस. एकदाच खरं बोललीस आन् आता भेऊन ते बी माघारी घेतीस? तुला काठीचा हात कुनी सांगितला मग?"

काय सांगू? मला मालूम न्हाई, अक्का. आजोबा मी जन्मायच्या आधी गेले. माझ्या तोंडातून ते कुठून आलं? मी बोलले का दुसरं कोन बोललं? 

ग्यानोबा दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडतो, तिथून सुटला की आपल्या मळ्यात सब्बल घेऊन खंदतो. घरी येऊन अप्पांना म्हनतो, "मालक, ही जिमीन न्हाई, लोखंड हाय. आज ईतभरच झालं." थोरले अप्पा आतून वरडतेत, "हात चालव की!" सगळा जिल्हा दुष्काळाला शिव्या देतो, आन् मी एकटी म्हनते, देवा, ही जिमीन अशीच टनक राहू दे. खाली खडक लागू दे.

अव्वाला, अप्पांना काय मालूम न्हाई. त्यांना वाटतं मी देवळीतलं ते खेळ म्हनून केलं, आन् म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं. सपनाचं त्यांनी बी सांगितलं न्हाई, मी बी न्हाई. तूच एक.

आता तरी पाठव. माझं तोंड कामाचं राहिलं न्हाई. हातानं काय होतं का बघते.

गंगी


लातूर,
ता. १४ एप्रिल

अक्का,

विटा भेटल्या. कंडक्टर म्हनला, "काय हाय गं, खुळखुळ वाजतंय, चिंचा का?" मी म्हनले विटा. त्याला ते खोटं वाटलं. बघ माझी गत.

तुझं ल्हिलेलं वाचलं. आजोबा डावरे होते हे मला तूच झोपवताना सांगायचीस म्हनतीस, गोष्टीत. सांगितलं असशील. मला बिलकुल आठवत न्हाई, पर मी तेच धरून बसले. घट्ट धरलंय.

विटा मोजायला न्हाईत, येवढ्या थोड्या; बाकीच्या भुजंगनं हरवल्या वाटतं. गल्ली होनार न्हाई. मी ठरवलं, कलेक्टरला एक वीट मिळनार न्हाई अवंदा. फकस्त दोन दुकानी, सिद्धलिंगकाकाची आन् थोरल्या अप्पांची, आन् मधला ओटा. जिथं वीट कमी, तिथं खडू, तिथं काड्यापेटी. थोरल्या अप्पांचं कवाड हिरवं हाय, म्हनून हिरवी वीट लागनार. डब्यात हिरवी एकच निघाली, ती बी तुझ्या लेकानं चघळून चघळून एका बाजूनं चपटी केलेली. दात दिसतेत. तीच लावली.

सगळं त्यांच्या खाटेजवळ जिमिनीवर मांडलं. ते भिंतीकडं तोंड करून. गाल आत गेलेत. हाताच्या शिरा दोरीसारख्या. मी म्हनले, "थोरले अप्पा, बघा, दुकान केली. विटांची. कवाड हिरवं." काय न्हाई. "बघा तरी." काय न्हाई. फकस्त म्हनले, "ग्यानोबाला विचार, किती झालं."

ग्यानोबाचं छातीइतकं झालं होतं, अक्का. खडक लागलाच न्हाई. वरची कडक भुई फुटली आन् खाली मऊ निघाली. मी मागितलेलं येवढं एक, तेबी देवानं दिलं न्हाई.

मी तिथं भुईवर बसले आन् मला रडं आलं. रडता रडता माझ्या ध्यानात आलं, की हे मानूस गोडीनं कधी उठलंय का? बारा म्हयने त्या मधल्या ओट्यावरनं शेजारच्या सिद्धलिंगकाकाशी भांडून भांडून जगलेलं मानूस. लक्ष्मम्माकाकू म्हनायची, ह्यांना देवाआधी सिद्धलिंग दिसतो.

मी सिद्धलिंगकाकाची दुकान उचलली आन् पुढं सरकवली. ओट्याच्या वर. पार थोरल्या अप्पांच्या कवाडाला भिडवली. मग अव्वाला हाक मारली, मोठ्यानं.

"अव्वा, बघ गं, झाली का बराबर गल्ली?"

अव्वा भांडी सोडून आली. बघितलं. भोळी ती, तिला काय मालूम. म्हनली, "अगं, सिद्धलिंगची दुकान येवढी पुढं कुठं हाय?"

"आता हाय की. शेजारची दुकान बंद असल्यावर कोन काय म्हननार? ओटा घेतला त्यांनी. सायकली लावल्यात. आता कवाडबी उघडायचं न्हाई."

खाट वाजली.

"किती पुढं?" भिंतीकडूनच.

मी काड्यापेटी सरळ करत बसले.

"गंगे, किती पुढं आलाय तो भाड्या?"

"दोन विटा."

थोरले अप्पा वळले. कोपरावर उठून बसायला निघाले, घेरी आली, अव्वानं धरलं. तिचा हात झटकला आन् खाटेवरनं वाकून बघितलं. मग बोट पुढं केलं आन् सिद्धलिंगकाकाची दुकान मागं ढकलली. थोडी. मग अजून थोडी. मग त्यांच्याच भिंतीच्या पार आत.

"थोरले अप्पा, येवढं मागं तर त्यांची दुकान न्हाई."

"असायला पाहिजे." मग म्हनले, "माझी पायरी कुठं हाय? ओट्यावर चढता येत न्हाई म्हातारीकोतारीला, म्हनून मी पायरी बांधली. आन् हे कवाडाला काय झालंय?"

"भुजंगनं खाल्लंय."

ते हसले न्हाईत. पर नाकातून काहीतरी आवाज झाला. अव्वाला म्हनले, "आंबील हाय का गं?"

अक्का, अव्वा आंबील आनायला गेली आन् आत जाऊन चुलीजवळ हमसून हमसून रडली, मला ऐकू येत होतं. मी हितं काड्यापेटीची पायरी करून राहिले होते. थोरल्या अप्पांनी वाटीभर पिली, आन् आनखी अर्धी.

हितंच पत्र संपलं असतं तर किती बरं होतं.

आंबील पिऊन ते म्हनले, "चल. मला दुकान बघायची. खरी." अप्पा न्हाई म्हनले, अव्वा न्हाई म्हनली, पर ते कुनाचं ऐकतेत? सायकलरिक्षात बसवून मी आन् अप्पांनी नेलं. गोलाईपाशी वळलो. आन् बघते तर काय, सिद्धलिंगकाकाच्या सायकली. ओट्यावर. ओळीनं. पार हिरव्या कवाडाला टेकवून.

थोरल्या अप्पांनी रिक्षातूनच शिव्या सुरू केल्या. सिद्धलिंगकाका पंप टाकून पळत आले, म्हनले, "आला का रं म्हाताऱ्या! मेलास असं ऐकलं होतं!" आन् त्यांच्या डोळ्यात पानी. "सावलीला लावल्या होत्या, काढतो, काढतो. तू बस खाली आधी." दोघं भांडून राहिले आन् सगळी गोलाई उभी राहून बघून राहिली. अप्पा हसत होते.

मी हसले न्हाई. मला थंडी वाजून आली, भर उन्हात.

मी तर ते मनानं केलं होतं, अक्का. दुकान बंद झाल्यापासून मी गोलाईकडं गेलेच न्हाई. मला कसं मालूम, की त्यांनी सायकली तिथं लावल्यात? डाव्या हाताचं तू सांगितलं असशील. सायकलीचं मला कुनी सांगितलं? मी खोटं बोलते आन् ते खरं होतं. आता मला माझ्याच तोंडाची भीती वाटून राहिली. अव्वानं विचारलं, "भाजीत मीठ कसं झालं?" तरी मी नुसती मान हलवते.

आन् मळ्यात तो खड्डा तयार हाय. ग्यानोबानं बसायची जागाबी कोरली. आता त्याचं काय करायचं?

गंगी


लातूर,
ता. १८ एप्रिल

अक्का,

थोरले अप्पा जेवतेत. कालपासून भाकरी. दुकान उघडली. आता खड्ड्याचं सांगते.

अप्पा म्हनले माती लोटून टाकू. तर मठातले स्वामी म्हनले, बसायला म्हनून उघडलेली जागा रिकामी बुजवत न्हाईत, ती वाट बघत राहती. अव्वाच्या हातातलं ताट खाली पडलं. सगळी थोरल्या अप्पांकडं बघायला लागली आन् मी भुईकडं. ते सुपारी कातरत होते. म्हनले, "येवढंच ना? माझा तो बाहुला हाय की देवळीत. घर हाय, गट्ट्या हायेत, मांडी घातलीय. त्यालाच बसवा. येवढे दिवस माझ्यासाठी थांबला बिचारा." स्वामींनी विचार केला आन् हाव म्हनले. पर म्हनले, ज्याच्या हातानं घडला त्याच्याच हातानं बसला पाहिजे.

म्हंजे मी.

आज सकाळी गेलो. लक्ष्मम्माकाकूच्या समाधीवरचं बेलाचं झाड पार वाळलंय, नुसत्या काड्या. बाजूला तो खड्डा. ग्यानोबानं मला हात धरून आत उतरवलं आन् वरनं ती विभूतीची दुकान दिली. आत थंडगार, अक्का. येवढ्या दुष्काळात माती ओली लागत होती हाताला. मी ती कोनाड्यात ठेवली. बाहुल्याची मान जरा वाकली होती, सरळ केली. वर बघितलं, तर आभाळाचा चौकोन आन् त्यात थोरल्या अप्पांचं तोंड, खाली वाकलेलं. मला वाटलं, मी कुठं हाय आन् ते कुठं हायेत?

ते वरनं म्हनले, "बस की जरा मांडी घालून. कसं वाटतं सांग."

मग वळून म्हनले, "ग्यानोबा, लोट रे माती!"

ग्यानोबानं खरंच फावडं उचललं. ढेकळं माझ्या पाठीवर पडली. मी अशी वरडले की बेलावरचा कावळा उडाला. "थोरले अप्पा, न्हाई! न्हाई! मला काढा! पाया पडते!" आन् वरनं आवाज आला, खो खो खो. हसून हसून त्यांना ठसका लागला, अप्पांनी पाठ चोळली. "खडू आठवतो का गं, भवाने? आन् माझी गेलेली झोप? आता फिटलं!" अक्का, अव्वासुद्धा हसली. मी तिथं आत बसून रडत होते आन् मला बी हसू यायला लागलं, माती तोंडात गेली.

त्यांनी सवता हात दिला मला वर यायला. हातात जोर हाय अजून. वर आले तवा बाकीचे माती लोटायला लागले होते. मला जवळ वढून, कुनाला ऐकू जानार न्हाई असं विचारलं, "आता सांग. सपन पडलं होतं का?"

"न्हाई, थोरले अप्पा."

"काठी?"

"मालूम न्हाई."

माझ्या केसातली माती झटकली. म्हनले, "बरं. आन् पुढं कधी पडलंच, तर मला सांगू नको."

तुझ्या विटा उद्याच्या यष्टीनं पाठवून राहिले. सगळ्या हायेत, फकस्त ती हिरवी न्हाई, चघळलेली. खड्ड्यात उतरायच्या आधी मी ती पदरात घेतली होती. दुकान पुढून उघडी होती ना. कवाड असल्याबिगर त्यांना झोप येत न्हाई, तुला मालूम हाय. म्हनून त्या बाहुल्याच्या म्होरं ती उभी लावली आन् मगच वर बघितलं. आता आतून बंद हाय. भाईरनं कुनी बोलावलं तरी उघडायचं न्हाई.

भुजंग हिरवी वीट मागंल, रडंल. त्याला सांग उंदरानं नेली. तूच सांग, अक्का. मी सांगितलं, तर देगलूरच्या तुझ्या घरात खरंच उंदीर निघंल.

तोंड मिटून बसलेली,
तुझी गंगी